खडकबाग, ४ बाय २.५ मीटर: कोल्हापुरातल्या वाफ्याच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

जागा ठरली. बंगल्यामागचं परस, लांबी ४ मीटर उत्तर-दक्षिण, रुंदी २.५ मीटर. सकाळी साडेसातपासून दुपारी चारपर्यंत ऊन, पुढे पश्चिमेच्या कंपाउंडची सावली. वर झाड नाही, छपराची वळचणही नाही. जागा निवडताना या दोन गोष्टी आधी बघायच्या. झाडाखाली पाला साचून फटी बुजतात आणि वळचणीखाली पागोळ्यांनी खड्डे पडतात.

रॉक गार्डन म्हटलं की आपल्याकडे चंदीगड आठवतं. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेलं आणि १९७६ साली लोकांसाठी खुलं झालेलं ते शिल्पांचं उद्यान. इथे करायचं आहे ते वेगळं. युरोपात डोंगरमाथ्यावरची बुटकी, उशीसारखी झाडं सपाटीवर जगवण्यासाठी जी दगडी रचना करतात, ती. लंडनच्या क्यू उद्यानातली खडकबाग १८८२ ची आहे, म्हणजे पद्धत चांगली मुरलेली आहे.

तिचा मूळ हेतू समजून घेतला नाही तर नुसता दगडांचा ढीग होतो. वृक्षरेषेच्या वर, म्हणजे डोंगरावर जिथून पुढे मोठी झाडं वाढत नाहीत तिथे, ही झाडं हिवाळाभर बर्फाखाली असतात. बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं आणि झाड कोरडं राहतं. वसंतात वितळलेलं पाणी दगडगोट्यांच्या चुरीतून झरझर निघून जातं. तीच झाडं इंग्लंडच्या सपाटीवर आणली की थंडीने मरत नाहीत, ओल्या हिवाळ्याने मरतात. बर्फाचं पांघरूण नाही, रोज रिपरिप आणि मानेशी (खोड आणि मूळ जुळतात तिथे) साचलेली ओल, मग मान कुजते. दगड, जाड वाळू आणि उतार हा सगळा खटाटोप मानेजवळचं पाणी हटवण्यासाठी.

कोल्हापुरात हिम नाही. पारा १० अंशांच्या खाली क्वचितच जातो. पण जून ते सप्टेंबर पाऊस आहे. झगडा तोच, फक्त तिकडचा नोव्हेंबर-मार्च इकडे जून-सप्टेंबर झाला. म्हणून बांधकामाची पद्धत थंड मुलखाची घ्यायची आणि झाडं इकडची, किंवा इकडे टिकणारी.

१० जानेवारी. पाणी जिरण्याची चाचणी

वाफ्याच्या जागी ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा. दोनदा भरून पाणी पूर्ण जिरू दिलं, तिसऱ्यांदा भरल्यावर पट्टी लावून मोजलं. तासाला ९ मिलिमीटर. पहिल्याच भरण्यावर मोजलं तर आकडा फसवा येतो. कोरडी काळी माती भेगांतून गटागट पाणी पिते आणि मग फुगून तोंड मिटते.

तासाला ५० मिलिमीटरपेक्षा जास्त जिरत असेल तर जमिनीच्या पातळीवर वाफा करता येतो. इथे उंचवटाच हवा.

काळ्या मातीचा दुसरा दोष जास्त त्रासाचा. थंड मुलखात बारीक मातीतलं पाणी गोठताना खालून आणखी पाणी ओढून घेतं, बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि उथळ मुळांचं झाड जमिनीतून वर ढकललं जातं. इथे ते काम काळी माती करते. जुलैत फुगते, एप्रिलमध्ये आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ठेवलेला दगड दोन पावसाळ्यांत कलतो. तिकडे बारीक माती काढून जाड वाळू भरतात, इकडेही उपाय तोच.

१५ जानेवारी

वरची २० सेंमी काळी माती पूर्ण वाफ्यातून काढली. १० चौरस मीटरला २ घनमीटर, सुटी झाल्यावर त्याहून बरीच जास्त. ती कुठे टाकायची हे आधी ठरवा, नाहीतर महिनाभर अंगणात ढीग. आमची नारळाच्या आळ्यांत गेली.

त्या जागी १५ सेंमी मुरूम, दोन थरांत, पाणी मारून धुमसाने ठोकला. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, अडीच मीटरला ६ सेंमी. पूर्वेच्या कडेला ३० सेंमी रुंद, २० सेंमी खोल चर, त्यात २० मिमी खडी, तोंड कोपऱ्यातल्या गटारीत. ओळंबा आणि पाण्याची पातळीनळी वापरली. नजरेने उतार धरला तर हमखास मध्ये बशी होते.

गवंड्याचा आग्रह होता की तळाला सगळीकडे खडीचा थर द्यावा, 'निचऱ्याला'. दिला नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खडीत आपोआप उतरत नाही. वरचं मिश्रण तळाशी पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत ते सीमेवर लटकून राहतं. कुंडीच्या तळाला खापऱ्या घातल्याने निचरा वाढत नाही त्याचं कारणही हेच. मिश्रण एकसलग मुरमापर्यंत न्यायचं आणि पाणी उताराने बाजूला काढायचं.

प्लास्टिकचा कागदही नाही.

१९ जानेवारी. साहित्य

दगड: टोपच्या खाणीकडचा काळा दगड. मोठे ३ (अंदाजे ६० × ४५ × ३० सेंमी, प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपास), मध्यम १४ (४० ते ६० किलो), हाताने उचलता येतील असे ६०. डबराच्या भावात मिळतो, पण डंपरने ओतून घेऊ नका. खाणीवर जाऊन एकेक निवडायचा. निदान एक बाजू जुनी, ऊन-पावसाने मळकी झालेली हवी. सुरुंगाने फुटलेला ताजा, निळसर, धारदार दगड वाफ्यात पाच वर्षं नवाच दिसतो.

जांभ्याचे तुकडे १२, उत्तरेच्या टोकासाठी. यंत्राने कापलेले चिरे नकोत. चिरे भरताना तुटलेले कोपरे मागितले. जांभा पाणी धरतो, त्यामुळे तो फक्त हंसराज (नेचा) आणि शेवाळाच्या बाजूला. गोठणाऱ्या मुलखात असा सच्छिद्र दगड जपून वापरतात, कारण आतलं पाणी गोठून तो पापुद्र्यांनी सुटू शकतो. इकडे ती भीती नाही.

शहाबादी फरशीचे जुने तुकडे ३०, साधारण ४५ × ४० सेंमी, ३५ मिमी जाड. घर पाडलेल्या ठिकाणी स्वस्तात मिळतात. शहाबादी हा चुनखडकच, म्हणजे आल्प्सच्या चुनखडकी फटींची नक्कल करायला सोयीचा.

आता ऊस गळीत हंगाम चालू आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली मोकळी मिळत नाही. टेम्पोला दोन खेपा लागल्या.

मिश्रणाचं साहित्य, आकारमानाने: कच (६ मिमी खडी) ३ भाग, जाड क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ३ भाग, १० मिमीच्या चाळणीतून काढलेला जांभ्या मुरूम २ भाग, पूर्ण कुजलेलं पानांचं खत १ भाग. वाफ्याची सरासरी उंची ४० सेंमी धरली तर ४ घनमीटर, त्यातून दगडांचे सुमारे ०.९ वजा, उरले ३.१ घनमीटर, म्हणजे १.१ ब्रास. तेवढंच मागवलं. इथे हिशेब चुकला, ते २ फेब्रुवारीला कळलं.

क्रश सँडची बाटली-चाचणी: मोजपात्रात १०० मिली सँड, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवलं. वर १४ मिली पीठ बसलं. हे पीठ म्हणजे निचऱ्याचं मरण. पावसात खाली उतरतं आणि मुरमावर सिमेंटसारखा पापुद्रा धरतं. सँड परत पाठवून धुतलेली मागवली, ३ मिली आली. ५ मिलीच्या आतली घ्यायची, हे आमचं माप.

प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ) देऊ का, असं दोघांनी विचारलं. कारखान्याजवळ स्वस्त मिळतो, पण तो आणि शेणखत दोन्ही इथे नको. खत जास्त झालं की बुटकी झाडं लांबट, मऊ वाढतात आणि पहिल्या झडीत बसतात. बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख तर मुळीच नको. ती पिठासारखी बारीक आणि वर अल्कधर्मी.

२७ जानेवारी. मोठे दगड

पहार दोन, लाकडी ओंडके चार, जाड फळी एक, माणसं तीन. दीडशे किलोचा दगड उचलायचा नसतो. फळीवर चढवून ओंडक्यांवरून ढकलायचा. हात दगडाखाली घालायचा नाही, आधी पहारीच्या टोकाखाली चिपरी सरकवायची.

बसवण्याचे नियम थोडे आहेत. दगडाची सर्वांत रुंद बाजू खाली. किमान तिसरा हिस्सा मिश्रणात. माथा मागे, म्हणजे वाफ्याच्या आत, ५ ते १० अंश कललेला, म्हणजे दगडावर पडलेलं पाणी मागच्या मुळांकडे जातं आणि पुढची माती धुपत नाही. आणि सगळ्या दगडांच्या नैसर्गिक रेघा एकाच दिशेला. शेवटचा नियम नुसता शोभेचा वाटतो, पण पन्हाळ्याच्या कड्याकडे बघा. थर एका रेषेत धावतात म्हणूनच तो कडा वाटतो. रेघा वेगवेगळ्या दिशांना गेल्या की डंपर उलटल्यासारखं दिसतं.

बसवल्यावर प्रत्येक दगडावर उभं राहून डोलायचं. हलला तर काढून पुन्हा. 'नंतर माती दाबली की बसेल' असं होत नाही. आज तीन मोठे आणि पाच मध्यम बसले, दोन पुन्हा काढावे लागले.

२ फेब्रुवारी

मिश्रण कमी पडलं. १.१ ब्रास कच्चा माल कालवल्यावर ०.९५ च्या आसपास भरला. बारीक सँड कचाच्या पोकळ्यांत शिरते, त्यामुळे नऊ घमेली टाकली की नऊ निघत नाहीत. १५ टक्के घट धरूनच मागवायचं, या वाफ्याला १.३ ब्रास. वरचा ०.२ आज आणला.

कालवताना सगळं किंचित ओलं हवं. कोरडं कालवलं तर खडी खाली, खत वर अशी प्रतवारी होते. मूठ दाबून उघडली की गोळा मोडला पाहिजे. गोळा टिकला तर खत किंवा पीठ जास्त झालंय.

६ फेब्रुवारी. फटींचा भाग

वाफ्याच्या दक्षिण टोकाला १.२ × ०.६ मीटरमध्ये शहाबादीचे तुकडे उभे लावले. ही चेक बागकामगारांनी नावारूपाला आणलेली रीत. पातळ दगड उभे, एकमेकांना समांतर, मधल्या फटीत झाड. फट अरुंद असल्यामुळे मूळ खाली जायलाच लागतं, आणि मान दगडांत अडकून कोरडी राहते.

फट २५ मिमी. सारखी राहावी म्हणून २५ मिमीच्या लाकडी पट्ट्या मध्ये धरल्या, मिश्रण भरून ठासल्यावर काढल्या. ४५ सेंमीचा तुकडा ३५ आत, १० बाहेर. फटीत भरताना सळईने ठासायचं, चार बोटं मिश्रण, ठासणी, परत चार बोटं. एकदम भरलं तर मध्ये पोकळी राहते आणि मूळ तिथे पोचून सुकतं.

दिशेबद्दल मात्र युरोपचा सल्ला जशाच्या तसा घेतला नाही. तिकडे फरशा पूर्व-पश्चिम लावतात. सूर्य कायम दक्षिणेला असल्यामुळे उत्तरेकडची बाजू थंड मिळते. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी उत्तरेकडेच असतो. ऐन उन्हाळ्यात उत्तर बाजू थंड वगैरे काही नाही. पूर्व-पश्चिम फटीत तर सकाळचं आणि दुपारनंतरचं ऊन लांबीने आत घुसतं. म्हणून फरशा उत्तर-दक्षिण लावल्या. २५ मिमी फट आणि १० सेंमी बाहेर आलेला दगड, या मापात सूर्य माथ्यापासून १४ अंशांहून जास्त कलला की फटीतल्या मातीवर ऊन पडत नाही. म्हणजे दुपारच्या आधी-नंतर जेमतेम एकेक तास.

९ फेब्रुवारी

नळी लावून भिजवणी, तीन दिवस, रोज अर्धा तास. वाफा ४ ते ६ सेंमी खाली बसला, मोठ्या दगडांच्या मागे तर ९. तिथे ठासणी कमी पडली होती. भरून घेतलं. चरातून पाणी आठव्या मिनिटाला वाहायला लागलं. पहिल्या दिवशी गढूळ, तिसऱ्या दिवशी नितळ. गढूळपणा जात नसेल तर सँड नीट धुतलेली नाही.

भिजवणी न करता झाडं लावली तर पहिल्या वळवात मिश्रण बसतं आणि मुळं उघडी पडतात.

१६ फेब्रुवारी. लागवड

नर्सरीची झाडं कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येतात. तो गोळा तसाच वाफ्यात गेला तर सगळी मेहनत पाण्यात. आजूबाजूला कोरडी खडी, मध्ये ओल्या स्पंजाचा गोळा, आणि मूळ त्या गोळ्यातून बाहेर पडायला तयार नाही. प्रत्येक झाडाचं कोकोपीट बादलीत बुडवून, बोटांनी, शेवटी पाण्याच्या बारीक धारेने पूर्ण काढलं. उघडी मुळं दोन दिवस सावलीत सुकवली (जखमा भरतात), तिसऱ्या दिवशी लावली, पाणी आणखी चार दिवसांनी. नाजूक मुळांच्या झाडांना, म्हणजे हंसराजाला, हे करायचं नाही. तो गोळ्यासकट.

लावलेली झाडं: बुटकी युफोर्बिया मिली ३, अ‍ॅडेनियम ३, बुटक्या जातीची कोरफड ४, हॉवर्थिया ५ आणि गॅस्टेरिया २ (मोठ्या दगडाच्या पूर्वेला, दुपारी सावली येते तिथे), ग्राप्टोपेटालम ६, एकेव्हेरिया ४, पावसाळी लिलीचे कंद २०, हंसराज ३. फटींत: पिवळं सेडम ६, चिनी गुलाब ८ काड्या, आणि चाचणीसाठी सेम्परव्हायव्हम ३. हे शेवटचं खऱ्या थंड मुलखातलं.

मान मिश्रणाच्या पातळीच्या २ सेंमी वर ठेवली, मग मानेभोवती ३ सेंमी कच. त्यामुळे मानेशी फक्त खडी येते, माती नाही. हे एक काम आळसाने राहिलं तर बाकीचं सगळं फुकट.

सड्यावरची (जांभ्याच्या उघड्या पठारावरची) झाडं बाजारातून आणली नाहीत आणि मसाई पठारावरून उपटूनही नाही. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत. एक कंद उकरला की त्या जागचं बी संपतं. खात्रीच्या रोपवाटिकेत बियांपासून केलेलं मिळालं तरच. नभाळी आणि तेरड्याचं बी घरच्या बागेतलं होतं, ते मेमध्ये टाकायचं.

१० मार्च

पाणी आठवड्यातून एकदा, सकाळी, मुळाशी. बोअरचं पाणी जड असेल तर दगडांवर आणि पानांवर पांढरे डाग येतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं. डाग आले तर पातळ व्हिनेगर आणि ब्रश, पण फक्त काळ्या दगडावर. शहाबादीवर आम्ल लावायचं नाही, चुनखडक खाल्ला जातो.

१८ एप्रिल

दुपारी तीन, काळ्या दगडाचा पृष्ठभाग ५७ अंश. दगडामागे १५ सेंमी खोलीवर मिश्रण ३१. खडकबागेचा खरा फायदा इथे दिसतो. दगड वरून तापतो, पण त्याच्या पोटाखाली ओल टिकते, आणि मुळं तिकडेच जातात. एक चिनी गुलाबाची काडी उपटून पाहिली. वर चार बोटं, खाली मूळ २१ सेंमी, दगडाला चिकटून.

दगडाच्या पश्चिम अंगाला टेकलेल्या दोन एकेव्हेरिया भाजल्या, पानांवर तपकिरी डाग. झाड दगडापासून निदान ८ सेंमी दूर किंवा पूर्व बाजूला. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट फक्त हॉवर्थिया आणि हंसराजावर, जूनपर्यंत.

सेम्परव्हायव्हमची बाहेरची पानं कागदासारखी वाळतायत, रोझेट (पानांचा गुलाबासारखा गोल झुबका) मुठीसारखं मिटलंय. नुसत्या उन्हाने ते एवढं खचत नाही, उकाड्याच्या रात्री त्याला नडतात. डोंगरावर दिवस कडक असला तरी रात्र गार होते आणि झाडाने दिवसा साठवलेलं टिकतं. इथे रात्री बावीस-चोवीस अंशांत ते श्वसनात खर्च होतं. जमा कमी, खर्च जास्त. पाणी वाढवून यावर उपाय होत नाही, उलट कुजतं.

२० मे. वळीव

संध्याकाळी गारांसह पाऊस, चाळीस मिनिटं. नुकसान दोन ठिकाणी. पूर्व उतारावर मध्यम दगडांच्या मधून मिश्रणाची नाळी पडली, साधारण तीन घमेली माल चरात. कारण सरळ होतं. तिथे दोन दगडांच्या फटी एका रेषेत आल्या होत्या, वरपासून खालपर्यंत उघडी पन्हाळ. विटांच्या सांध्यासारखं फटीसमोर दगड आला पाहिजे. एक दगड सरकवून रेषा मोडली, चरातली खडी काढून धुऊन परत भरली.

दुसरं, गारांनी ग्राप्टोपेटालमची पानं पाडली. ती फेकली नाहीत, कचावर नुसती ठेवली. पंधरा दिवसांत बहुतेकांना मुळं फुटतात.

२६ मेची भर: पावसाळी लिली मात्र वळवानंतर सहाव्या दिवशी एकदम फुलली, वीसपैकी चौदा.

८ जून

मृग लागला. आज छत्र्या चढवल्या. युरोपात नाजूक डोंगरी झाडांवर हिवाळ्यात काचेचा तुकडा तिरका धरतात, बाजू उघड्या ठेवून. तोच प्रकार इथे पावसाळ्यासाठी: ६ मिमी पॉलिकार्बोनेट शीट, १.२ × ०.९ मीटर, १२ मिमीच्या चार सळ्यांवर, अ‍ॅडेनियम आणि एकेव्हेरियांच्या वर ४५ सेंमी. उताराची खालची कड पश्चिम-नैऋत्येला, कारण पावसाचा मारा तिकडून येतो. उलट लावली तर शीट शिडासारखी भरते आणि उडते. चारही बाजू मोकळ्या हव्यात. प्लास्टिकने गुंडाळलेलं झाड पावसाने नाही तर घुसमटून कुजतं.

युफोर्बिया, कोरफड, सेडम यांना छत्री नाही. निचरा चांगला असेल तर लागत नाही, आणि लागली तर निचरा चुकलाय असं समजायचं.

१९ जुलै

तरण्या पावसाची झड, अकरावा दिवस, ऊन नाही. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांत चर कोरडा होतो. वाफ्याबाहेरच्या काळ्या मातीवर मात्र अजून डबकं आहे.

गेलेली झाडं: सेम्परव्हायव्हम तिन्ही (पहिलं २४ जूनला, मधलं पान ओढलं की सबंध रोझेट हातात), छत्रीबाहेर राहिलेली एक एकेव्हेरिया, एक हॉवर्थिया. हॉवर्थिया उपटून पाहिली तर मुळाशी कोकोपीटचा लिंबाएवढा गोळा. धुताना राहून गेला होता. शेजारच्या चार ठणठणीत.

लव्हाळा उगवला, पण फक्त उत्तर टोकाला. गाठी जांभ्या मुरमातून आल्या. चाळणी १० मिमीची होती आणि लव्हाळ्याच्या बारीक गाठी त्यातून सहज जातात. खेचून काढला तर गाठ खाली तुटते आणि दुप्पट येतो. प्रत्येक कोंब पातळ पहारीने मुळासकट, गाठ दिसेपर्यंत उकरायचा. पुढच्या वेळी मुरूम आधी ओला करून तीन आठवडे उघडा ठेवायचा, कोंब दिसले की गाठी वेचायच्या, मगच कालवायचा.

गोगलगायी रात्री फटींत लपतात. मीठ टाकायचं नाही, ते मिश्रणात उतरतं. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचणं हाच उपाय, आठवडाभरात संख्या उतरते. दगडांवर हिरवं शेवाळ चढलं ते राहू द्या. झाडांच्या मानेभोवतीच्या कचावर आलं तर वरचा थर काट्याने उलटापालटा करायचा.

२८ ऑगस्ट

नभाळी फुलली, जांभळ्या केसाळ फुलांचे झुबके, जांभ्याच्या कोपऱ्यात. तेरडा गरजेपेक्षा जास्त झाला. तो सड्यावर शोभतो, ४ मीटरच्या वाफ्यात बाकीच्यांना झाकतो. बोंडं तडकण्याआधी दहा ठेवून बाकी उपटला.

५ ऑक्टोबर

छत्र्या काढल्या. या वेळी छत्री विसरून राहिली तर ऑक्टोबरच्या उन्हात खाली भट्टी होते. दोन आठवडे उशीर झाला की झाडं भाजतात.

थंड मुलखातल्या खडकबागेतला वसंत कोल्हापुरात आणायचा असेल तर तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. त्यासाठी वर्षायू झाडं: अ‍ॅलिसम, बुटकं डायंथस, लिनारिया. बी आज टाकलं, थेट फटींत, वर चिमूटभर सँड. अ‍ॅलिसमच्या बियांना माती जवळजवळ लागतच नाही. पाणी फवाऱ्याने दिवसाआड, उगवेपर्यंत.

सोबत एक चाचणी. अ‍ॅक्विलेजियाचं बी २४ ऑगस्टपासून फ्रिजमध्ये, ओल्या सँडमध्ये, झिपच्या पिशवीत, ४ अंशांच्या आसपास, सहा आठवडे. थंड मुलखातल्या कित्येक बियांना असा ओला गारठा मिळाल्याशिवाय हिवाळा सरला हे कळत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. सँड दाबल्यावर थेंब पडता कामा नये, नाहीतर बुरशी. ४० बिया ट्रेमध्ये पेरल्या.

१४ नोव्हेंबर

अ‍ॅक्विलेजिया ४० पैकी २३ उगवल्या, रोपं चांगली. तरी त्यांचा नाद पुढे करायचा नाही. फ्रिजने उगवणीचा प्रश्न सुटतो, फुलण्याचा नाही. बहुतेक जातींच्या वाढलेल्या झाडाला एक पूर्ण थंड हिवाळा मिळाल्यावरच कळी धरते, आणि त्याआधी त्याला आपला एप्रिल काढावा लागतो. अ‍ॅलिसम त्याच चाळीस दिवसांत पांढरं झालंय.

दगडांची पातळी तपासली: जानेवारीत खुणेच्या सुतळीला लागलेले तिन्ही मोठे दगड तिथेच. पूर्व कडेचे दोन मध्यम ८ मिमी खाली, चराची खडी दबल्यामुळे. चरात दोन घमेली खडी भरायची आहे.

कच दोन ठिकाणी पातळ झाला होता, खालचं मिश्रण दिसत होतं. ३ सेंमीपर्यंत भरून घेतला, एकूण पाच घमेली. शिल्लक कच पोत्यात भरून कोरड्यात ठेवला, पुढच्या वळवाआधी लागेल.

अ‍ॅडेनियमचं पाणी आजपासून बंद. पानं पिवळी पडून गळतील, ती झोप आहे, रोग नाही. खोड बोटाने दाबून बघायचं. टणक असलं तर फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही. मऊ लागलं तर त्याच दिवशी उपटून, कुजका भाग धारदार सुरीने पांढरा गर लागेपर्यंत कापून, आठवडाभर सावलीत उलटं टांगायचं.